डुकराचं खाद्य: खरकट्यापासून सोयापेंडीपर्यंत

डुक्कर मुळात उष्ट्या-खरकट्यावर वाढणारा प्राणी. गोव्यात जुन्या घरांच्या परसात पाळलेली डुकरं अशीच वाढली, युरोपातलीही. तिथे चित्र पालटलं १९६०च्या दशकात. तेलबियांवरची आयात-जकात उठली, नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात परदेशी सोया स्वस्तात उतरू लागला आणि त्याच देशातल्या नॉर्थ ब्राबांट प्रांताच्या रेताड जमिनीवर डुकरांच्या शेड दाटीवाटीने उभ्या राहिल्या.

पेंड समुद्रापारहून यायची, विष्ठा मात्र नेदरलँड्समध्येच साचायची. धान्यातलं आणि पेंडीतलं सुमारे दोन तृतीयांश स्फुरद (फॉस्फरस) फायटेट नावाच्या संयुगात जखडलेलं असतं. ते सोडवणारं विकर (एन्झाइम) डुकराच्या पोटात जवळजवळ नसतंच. म्हणून वाढीसाठी खाद्यात वरून फॉस्फेट मिसळायचं, आणि न पचलेलं सगळं विष्ठेतून शेतात, तिथून ओढ्या-कालव्यांत. पाण्यात शेवाळ माजलं. १९८४ मध्ये डच सरकारला नव्या वराहपालनावर निर्बंध आणावे लागले.

मग १९९१ मध्ये बुरशीपासून बनवलेलं फायटेज हे विकर बाजारात आलं. या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा टप्पा, असं मला मनापासून वाटतं. टनभर खाद्यात मूठभर भुकटी, आणि विष्ठेतलं स्फुरद साधारण एक तृतीयांशाने घटलं! नत्राचंही (नायट्रोजनचंही) तसंच: लायसिनसारखी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, वेगळी दिली की पेंड कमी लागते. खाद्यातली प्रथिनं १८ टक्क्यांवरून १७ वर आणली, तरी विष्ठा-मूत्रातून सुटणारा अमोनिया सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो.

सोयाखालच्या जमिनीचा प्रश्न मात्र उरलाच. ब्राझीलच्या सेराडो या गवताळ-झुडपी प्रदेशातली झाडी त्यासाठी तुटत राहिली. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१३च्या अहवालानुसार वराहपालनातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ६० टक्के खाद्यनिर्मितीतूनच येतात.

मग पुन्हा खरकटं का नाही? २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत पसरली. नीट न उकळलेल्या खरकट्यातून ती आली, असं मानलं गेलं. ६० लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. २००२ मध्ये युरोपीय संघाने खरकट्यावर बंदी घातली. ती भीती खरीच होती. पण जपानमध्ये उष्णतेने निर्जंतुक केलेलं उरलंसुरलं अन्न डुकरांना रीतसर दिलं जातं, आणि युरोपने तसं केलं तर १८ लाख हेक्टर शेतजमीन वाचू शकेल, असा केंब्रिजच्या संशोधकांचा २०१६चा हिशेब आहे.

२०२१ मध्ये युरोपने डुकरांना कीटकांच्या अळ्यांपासूनची प्रथिनं देण्यास परवानगी दिली. त्या अळ्यांना स्वयंपाकघरातलं खरकटं घालायला मात्र अजून मनाई आहे.