जुन्या लाकडी खिडक्या आणि शिशाचा रंग : काम ठरवण्यापूर्वी वाचावे

अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधी बांधलेल्या घराच्या खिडक्यांवर शिशाचा रंग आहे असे गृहीत धरूनच, तपासणीत उलट सिद्ध होईपर्यंत, आम्ही काम करतो. घरात लहान मूल असेल तर सगळ्या खिडक्या काढून टाकाव्यात का, असे अनेक ग्राहक विचारतात. आमचे उत्तर सहसा नकारार्थी असते. आम्ही जुन्या खिडक्या दुरुस्त करणारे, त्यामुळे त्यात आमचा धंद्याचा स्वार्थ आहे हे मान्य करूनच कारणे सांगतो.

भिंतीवर घट्ट बसलेला रंग सहसा जागचा हलत नाही, पण वर-खाली सरकणारे तावदान दर वेळी चौकटीच्या खाचेत घासते आणि तिथून झडलेली बारीक भुकटी खालच्या पट्टीवर, म्हणजे बाहेर पाहताना मूल जिथे हात टेकते नेमके तिथे, साचते. तोच हात पुढे तोंडात जातो. सहा वर्षांखालील मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिशाचा सर्वाधिक धोका असतो.

त्यामुळे दुरुस्तीत आम्ही घासणाऱ्या कडा आणि खाचा थेट लाकडापर्यंत मोकळ्या करतो. तावदाने कार्यशाळेत आणून काच बसवण्यासाठी लावलेली, दगडासारखी कडक झालेली लांबी (पुट्टी) वाफेने मऊ करून काढतो, कारण ओल्या कामात धूळ उडत नाही आणि जुनी लहरदार काचही सहसा शाबूत राहते. जुन्या खिडक्यांचे लाकूड सावकाश वाढलेल्या झाडांचे, दाट वलयांचे असते. त्याचा कुजलेला तुकडा तेवढा बदलता येतो, नव्या सीलबंद दुहेरी काचेचा सांधा निकामी झाला तर मात्र सहसा अख्खी काचच बदलावी लागते. थंडी अडवण्यासाठी फटींना पट्ट्या आणि बाहेरून जादा खिडकी बसवणे बहुधा पुरेसे होते.

ईपीए या अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेचा शिशाच्या रंगावरील कामाबाबत २०१० पासून लागू असलेला नियम ऐतिहासिक घरांना सूट देत नाही. खोलीत सहा चौरस फुटांहून किंवा बाहेर वीस चौरस फुटांहून अधिक रंग खरवडला जाणार असेल, तर मोबदला घेऊन ते काम करणारी संस्था प्रमाणित असावी लागते. खिडकी बदलण्याच्या कामाला तर ही किमान मर्यादाही नाही. म्हणजे जुनी खिडकी उखडून टाकल्याने नियमातून सुटका होत नाही. उघड्या ज्योतीने रंग जाळणे, ११०० अंश फॅरनहाइटवरील हीट गन (गरम हवा सोडणारे यंत्र) वापरणे आणि हेपा गाळणीशिवाय (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या गाळणीशिवाय) यंत्राने घासणे यांना मनाई आहे. स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम करणाऱ्या मालकाला हा नियम लागू नाही. धूळ मात्र तितकीच विषारी असते.

काम सुरू होण्यापूर्वी शिशाच्या धोक्यांची माहिती देणारी ईपीएची पुस्तिका आम्ही आपल्या हाती देऊ. खोलीतील सामान हलवून किंवा झाकून जमिनीवर प्लास्टिक अंथरले जाईल. शेवटी खालची पट्टी आणि जमीन पांढऱ्या ओल्या कापडाने पुसून ते कापड सफाई पुरेशी झाली का हे ठरवण्याच्या नमुना-पत्राशी ताडून पाहिले जाईल. ते मळकट निघाल्यास सफाई पुन्हा होईल, आणि तोवर मुलांना त्या खोलीत आणू नये.