आर्केड बोर्ड घरी खेळायचाय? मग सुपरगन नीट पारखून घ्या

जुन्या आर्केड गेमचा ओरिजनल बोर्ड पहिल्यांदा हातात आला की माणूस जरा गोंधळतोच. ही मोठी हिरवी पाटी, तिच्यावर ओळीने चिपा, मागच्या बाजूला कुणीतरी कधीतरी दिलेले सोल्डरचे डाग, आणि बस्स. पॉवरची केबल खुपसायला सॉकेट नाही, टीव्हीला जोडायला काही नाही, जॉयस्टिक लावायला जागा नाही. फक्त एका कडेला चकाकणाऱ्या पट्ट्यांची रांग असते आणि वीज, चित्र, आवाज, बटणं सगळं काही त्या एका रांगेतूनच आत-बाहेर करतं.

या रांगेला जामा कनेक्टर म्हणतात. त्याआधी प्रत्येक कंपनीच्या बोर्डाची वायरिंग वेगळी असायची, गेम बदलायचा म्हणजे कॅबिनेटच्या पोटातली वायरिंगही बदलत बसायची, तर या कटकटीवर तोडगा म्हणून जपानमधल्या आर्केडवाल्यांच्या संघटनेने १९८५ च्या सुमारास एक पक्की मांडणी आणली आणि संघटनेच्या आद्याक्षरांवरूनच तिला जामा नाव पडलं. वर २८ आणि खाली २८ अशा ५६ पट्ट्या, एका पट्टीच्या मध्यापासून पुढच्या पट्टीच्या मध्यापर्यंत ३.९६ मिलिमीटर, आणि कुठल्या नंबरवर काय येणार हे ठरलेलं. आता अख्ख्या कॅबिनेटऐवजी हे सगळं पुरवणारी एक छोटी पेटी केली की झाली सुपरगन. नावात गन असली तरी बंदुकीचा काही संबंध नाही. ती बोर्डाला वीज देते, बोर्डाचं चित्र आणि आवाज आपल्या टीव्हीला झेपेल असा करून देते आणि आपली बटणं बोर्डापर्यंत पोचवते.

निवडताना बहुतेक जण बघतात की पेटी दिसते कशी आणि कंट्रोलर कुठले लागतात. मला मनापासून वाटतं की हा क्रम उलटा पाहिजे. बोर्ड तीस-पस्तीस वर्षांचा, त्यातल्या काही चिपा आता कुणी बनवतही नाही, एकदा जळला की गेला. म्हणून पहिला प्रश्न हाच की ही पेटी माझ्या बोर्डाला वीज कशी देते?

हे मला शिकावं लागलं. माझी पहिली सुपरगन तयार घेतलेली होती, वायरी बारीक आणि हातभर लांब. गेम सुरू व्हायचा, टायटल यायचं, दोन-तीन मिनिटं छान चालायचं आणि मग आपोआप रिसेट. मी समजलो बोर्डच गेला, चिपा दाबून बघितल्या, कनेक्टर खोडरबराने घासून साफ केला, काही फरक नाही. शेवटी मल्टिमीटर काढला. सप्लायच्या टर्मिनलवर बरोब्बर ५.०० व्होल्ट. मग तेच टोक बोर्डाच्या कडेवर, पट्ट्यांपाशी लावलं तर आकडा आला ४.६८.

मधले ०.३२ व्होल्ट गेले कुठे? वायरीत. शाळेतला ओहमचा नियमच आहे हा. माझा बोर्ड साधारण ४ अँपिअर खेचत होता, आणि जायची वायर, यायची वायर, कनेक्टरचे सांधे सगळं मिळून रेझिस्टन्स जेमतेम ०.०८ ओहम. ऐकायला काहीच नाही, पण ४ गुणिले ०.०८ म्हणजे ०.३२. त्या काळच्या टीटीएल जातीच्या चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट एवढ्यातच काम करायची हमी आहे, त्याच्या खाली गेलं की शून्य आणि एक ओळखण्यात गडबड होऊ लागते आणि बोर्डावरचा वॉचडॉग नावाचा पहारेकरी, ज्याला प्रोसेसरने ठरावीक वेळाने 'मी जिवंत आहे' असं कळवायचं असतं, तो गप्प प्रोसेसर बघून सगळं रिसेट करून टाकतो. बोर्ड ठणठणीत होता हे कळलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

सप्लायवर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून व्होल्टेज वाढवता येतं, पण तो पूर्ण इलाज नव्हे. समजा सप्लायवर ५.३२ केलं की ४ अँपिअरच्या बोर्डाला छान ५.०० मिळणार, पण उद्या तिथेच १ अँपिअर घेणारा हलका बोर्ड लावला तर वायरीत फक्त ०.०८ पडणार आणि त्या बिचाऱ्याला ५.२४ बसणार, म्हणजे अगदी कडेलोटावर. खरा इलाज जाड आणि आखूड वायर. जामामध्ये ५ व्होल्टला चार पट्ट्या आणि सुरुवातीलाच ग्राउंडलाही (करंट परत जायची वाट) चार पट्ट्या दिल्यात त्या काही उगाच नाहीत, करंट वाटून जावा म्हणून आहेत, आणि काही स्वस्त सुपरगनमध्ये त्यातली एकेकच जोडलेली असते. उघडून बघा, नाहीतर विकणाऱ्याला सरळ विचारा. बोर्डाच्या कडेवरचं व्होल्टेज दाखवणारा मीटर पेटीवरच बसवलेला असेल तर ती सुपरगन माझ्या यादीत लगेच वर जाते, फक्त तो मीटर कडेवरचं मोजतोय की सप्लायजवळचं हे बघून घ्या.

५ व्होल्टशिवाय १२ व्होल्ट लागतात, बहुतेकदा आवाजाच्या अँप्लिफायरला. शिवाय उणे ५ व्होल्टची एक जागा आहे. ते बऱ्याच बोर्डांना नको असतं, पण काही जुन्यांना आवाजासाठी हवं असतं, नसेल तर गेम चालतो आणि आवाज मात्र येत नाही. कॉम्प्युटरच्या नव्या सप्लायमध्ये उणे ५ मिळत नाही हे लक्षात असू द्या.

आणि एक गोष्ट जी कुणी नवशिक्याला वेळेत सांगत नाही. कनेक्टर उलटा लागू शकतो. ७ नंबरच्या जागी एक छोटी पट्टी बसवलेली असते जी बोर्डाच्या खाचेत जाते, ती खास उलटं लागू नये म्हणूनच, पण पुष्कळ कनेक्टरमधून ती पडून गेलेली असते. उलटा लावला तर नंबर आरशातल्यासारखे फिरतात, १ च्या जागी २८, २ च्या जागी २७. या चारही जागा ग्राउंडच्या, म्हणजे सर्किट पूर्ण होतं. आणि ६ नंबरवरचे १२ व्होल्ट जातात २३ वर, म्हणजे दुसऱ्या बटणाच्या इनपुटमध्ये, जिथे कधी ५ च्या वर काही यायलाच नको. तिथली चिप जळू शकते. ती पट्टी नसेल तर आधी ती बसवा, मग बाकीचं.

आता चित्र. इथेच जास्त घोडं पेंड खातं. आर्केड बोर्ड लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळे पाठवतो आणि चौथा सिंकचा सिग्नल, जो सांगतो की नवी ओळ कधी, नवी फ्रेम कधी. हे सगळं आर्केडच्या मॉनिटरसाठी बनवलेलं, जिथे रंगाचा सिग्नल ३ ते ५ व्होल्टपर्यंत चालतो. घरच्या टीव्हीच्या किंवा स्केलरच्या (जुना सिग्नल नव्या टीव्हीला कळेल असा करून देणारी पेटी) आरजीबी, म्हणजे तीन रंगांच्या इनपुटला हवा असतो ०.७ व्होल्ट आणि तोही ७५ ओहमच्या लोडवर. तसंच जोडलं तर चित्र जळजळीत पांढरं येणार, आणि ५ व्होल्टचा सिंक थेट आत गेला तर स्केलर खराबही होऊ शकतो.

सोपा उपाय म्हणजे मध्ये रेझिस्टर. ५ व्होल्टच्या सिग्नलला ४७० ओहम लावला आणि पुढे टीव्हीचे ७५ ओहम असले की टीव्हीच्या वाट्याला साधारण ०.७ व्होल्ट येतात, हिशेब जुळतो. पण बोर्डातला रंग तयार करणारा भाग हा स्वतःच रेझिस्टरांची एक शिडी असतो, मोठ्या बिटला लहान रेझिस्टर, लहान बिटला मोठा, असं करून शेड तयार होतात. या शिडीने समोर हजारभर ओहमचा हलका लोड असेल असं धरलेलं असतं. आपण त्याहून जड लोड लावला की शिडी दबते, आणि कधी गडद शेड एकमेकांत मिसळतात तर कधी एखादा रंग फिका पडतो. म्हणून चांगल्या सुपरगनमध्ये एक व्हिडिओ अँप असतो, जो बोर्डाकडून अगदी थोडंच घेतो आणि टीव्हीला हवा तेवढा सिग्नल स्वतःच्या ताकदीवर देतो. त्याच्यासोबत तिन्ही रंगांना वेगळे नॉब असतील तर सोन्याहून पिवळं, कारण प्रत्येक कंपनीच्या बोर्डाचं व्होल्टेज थोडं वेगळं असतं.

पुढचा प्रश्न टीव्ही कुठला. या बोर्डांचा सिग्नल साधारण १५.७ किलोहर्ट्झचा, सेकंदाला तेवढ्या ओळी. जुना सीआरटी, म्हणजे काचेच्या मोठ्या ट्यूबचा टीव्ही, किंवा स्टुडिओचा मॉनिटर असेल तर काही प्रश्नच नाही, तो हे आनंदाने घेतो. सपाट टीव्हीला मध्ये स्केलर लागतो, आणि इथे फ्रेमरेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, हा मुद्दा येतो. टीव्हीला ६० हर्ट्झची सवय. आर्केडवाल्यांना असं काही बंधन नव्हतं, मॉनिटर त्यांचाच, गेम त्यांचाच. कॅपकॉम कंपनीचे सीपीएस-२ चे बोर्ड ५९.६ च्या आसपास चालतात, एसएनके कंपनीचे निओ जिओ ५९.२ वर, हे बहुतेक टीव्ही चालवून घेतात. पण १९८७ चा आर-टाइप ५५ हर्ट्झवर आणि १९९२ चा मॉर्टल कॉम्बॅट ५४.७ वर. बरेच टीव्ही तिथे 'नो सिग्नल' म्हणून हात वर करतात. स्केलर ते ६० करून देऊ शकतो, पण मग सेकंदाला पाच फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात, आणि स्क्रीन सरकताना बारीक धक्के जाणवतात. म्हणून तुमच्याकडे कुठले बोर्ड आहेत त्याची यादी करून, त्यांचे फ्रेमरेट बघून मगच स्केलर ठरवा. आणि पॅकमॅनसारखे उभे गेम असतील तर टीव्ही चक्क एका कुशीवर उभा करावा लागतो, तर स्टँड तसा हवा.

आवाजाचं थोडक्यात. बोर्डातून जो आवाज येतो तो स्पीकरसाठी आधीच मोठा केलेला असतो. तो तसाच टीव्हीत घातला तर फाटका येणार, म्हणून कमी करणारा भाग हवा. दुसरं म्हणजे काही बोर्डांवर स्पीकरच्या दोन्ही तारा 'गरम' असतात, उणेची तार म्हणजे ग्राउंड नव्हे, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली. तिला ग्राउंडला जोडलं की अँप शॉर्ट. म्हणून आवाजाच्या वाटेत छोटा ट्रान्सफॉर्मर किंवा त्याच तोडीचं सर्किट आहे का एवढं नक्की विचारा.

बटणांचा भाग मला सगळ्यात आवडतो, इतका साधा आहे. प्रत्येक इनपुट बोर्डावर एका रेझिस्टरने ५ व्होल्टला बांधलेला असतो, बटण दाबलं की ती तार ग्राउंडला टेकते आणि व्होल्टेज शून्यावर येतं, झालं, गेमला कळलं. मध्ये प्रोग्रॅम नाही, पॅकेट नाही, त्यामुळे तारेने सरळ जोडलेल्या स्टिकमध्ये उशीर जवळजवळ शून्य. यूएसबीचा गेमपॅड लावायचा तर मध्ये एक छोटा कॉम्प्युटर येतो जो भाषांतर करतो. चांगला असेल तर काही वाटत नाही, वाईट असेल तर एखाद-दुसरी फ्रेम खातो, आणि एक फ्रेम म्हणजे जवळपास १६.७ मिलिसेकंद. फायटिंग गेम खेळणाऱ्याला ते बोटात कळतं.

मूळ जामात एका खेळाडूला तीनच बटणं आहेत हेही लक्षात घ्या. १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू ला सहा लागतात, म्हणून तिन्ही किक वेगळ्या कनेक्टरने येतात ज्याला किक हार्नेस म्हणतात, आणि तो कॅपकॉमच्याच आधीच्या सीपीएस-१ चा वेगळा, सीपीएस-२ चा वेगळा. निओ जिओचं चौथं बटण २५ नंबरवर. तुमच्या बोर्डाचा हार्नेस मिळतो का हे आधी बघा, नाहीतर सुपरगन घरी येते आणि स्ट्रीट फायटरच्या रियूला लाथच मारता येत नाही.

एकही बोर्ड नसेल आणि फक्त गेम खेळायचे असतील तर सुपरगनच्या वाटेला जाऊच नका. १९९७ साली सुरू झालेलं मेम (कॉम्प्युटरवर आर्केड गेम चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा एफपीजीएवर, म्हणजे जुन्या सर्किटसारखी मांडणी करता येणाऱ्या चिपवर, चालणारं मिस्टर पुरेसं आहे, आणि चांगलं आहे. पॅकमॅनसारखे जामाच्या आधीचे बोर्ड असतील तर अडॅप्टर लागतो. सेगा कंपनीच्या १९९८ च्या नाओमीसारखे नंतरचे असतील तर ते जेव्हीएस नावाच्या दुसऱ्याच पद्धतीचे, त्यांना ३.३ व्होल्टही लागतात, साध्या सुपरगनचं तिथे काम नाही. आणि सीपीएस-२ असेल तर पेटीच्या आधी बॅटरीचं बघा, कारण त्यातली डिक्रिप्शनची (गेमचा कुलूपबंद कोड उघडायची) किल्ली बॅटरीवर जपलेली असते, बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड सुरू होत नाही. आता किल्ली परत भरायची पद्धत आहे, पण ते काम वेगळं.

माझी आताची सुपरगन जोडली त्या दिवशी मी आधी बोर्ड न लावता तिन्ही व्होल्टेज मोजली. मग बंद करून, ७ नंबरची पट्टी खाचेत बसलीय हे टॉर्च मारून बघून, बोर्ड लावला. चालू केला आणि स्क्रीनकडे न बघता मल्टिमीटरची टोकं पुन्हा त्याच कडेवर ठेवली, जिथे पूर्वी ४.६८ आलं होतं. ५.०३. दहा मिनिटं तसाच चालू ठेवला, आकडा हलला नाही, रिसेट नाही. मग टोकं बाजूला ठेवली आणि कॉइनचं बटण दाबलं. कोपऱ्यात आलं, क्रेडिट १.