कॅन्सस सिटी: सीमारेषा एक, फाळणी वेगळीच

कॅन्सस सिटी हे अमेरिकेतलं शहर कॅन्सस राज्याहून वयाने मोठं आहे, आणि ते कॅन्ससमध्ये नाहीच. ते आहे शेजारच्या मिसूरीत. १८५३ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. कॅन्ससचा प्रदेश आखला गेला १८५४ मध्ये आणि त्याचं राज्य झालं १८६१ मध्ये. नाव दोघांनीही कॅन्सस नदीचं उचललं. पुढे १८८६ मध्ये कॅन्ससच्या बाजूच्या काही गावांनी एकत्र येऊन आपलंही नाव कॅन्सस सिटीच ठेवलं आणि गोंधळ कायमचा झाला.

कॅन्सस नदी मिसूरी नदीला मिळते, तिथून राज्यांची सीमा सरळ दक्षिणेला जाते. ऐन वस्तीत तिच्यावरून चक्क रस्ता गेला आहे, नावही स्टेट लाइन रोड. पूर्वेकडचं घर मिसूरीत, समोरचं कॅन्ससमध्ये. प्रौढांनी गांजा बाळगायला मिसूरीच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली. कॅन्ससने ती दिलेली नाही. मिसूरीकडच्या शहरात नोकरी करणाऱ्याच्या कमाईवर शहर एक टक्का कर घेतं, मग तो राहायला पलीकडे का असेना.

मग याला एकच महानगर म्हणायचं कशाच्या जोरावर? अमेरिकेत याचं उत्तर लोकांच्या कामावर जाण्यायेण्यातून काढतात. किमान ५० हजार वस्तीचा नागरी गाभा धरायचा. तो ज्या काउंट्यांत, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत, पसरलाय त्या मध्यवर्ती. शेजारच्या काउंटीतले किमान २५ टक्के नोकरदार कामासाठी मध्यवर्ती काउंट्यांत जात असतील, किंवा तिथल्या किमान २५ टक्के नोकऱ्या मध्यवर्ती काउंट्यांतले लोक करत असतील, तर तीही महानगरात. राज्य कोणतं, हे कुणी विचारत नाही. या हिशेबाने २०२० मध्ये १४ काउंट्या आत आल्या, मिसूरीच्या ९ आणि कॅन्ससच्या ५, आणि लोकसंख्या भरली सुमारे २१ लाख ९२ हजार. काउंटी घ्यायची तर अख्खी घ्यायची, असा नियम असल्याने त्यात मैलोन्मैल शेतीही येते. ‘महानगर’ हा शब्द तिथे जरा थट्टेचाच वाटतो.

मिसूरीतल्या मुख्य शहराचा वाटा ५ लाख ८ हजारांचा, म्हणजे चौथा हिस्साही नाही. बाकीचे गेले कुठे, ते कॅन्ससच्या जॉन्सन काउंटीत दिसतं. १९५० मध्ये तिथे ६३ हजारही माणसं नव्हती. २०२० मध्ये सुमारे ६ लाख १० हजार होती. ही कॅन्ससमधल्या सर्वांत सधन काउंट्यांपैकी एक. तिला उत्तरेकडून लागूनच, त्याच राज्यात, वायन्डॉट काउंटी आहे आणि तिथला समाज पार निराळा. ओहायोतून हुसकावलेले वायन्डॉट या मूलनिवासी जमातीचे लोक १८४३ मध्ये इथे आले. १८७९ च्या सुमाराला दक्षिणेकडच्या राज्यांतल्या जाचाला कंटाळून निघालेले कृष्णवर्णीय आले, कारण कॅन्ससने गुलामगिरी नाकारली होती आणि मिसूरी मात्र १८६५ पर्यंत गुलामगिरीचं राज्य होतं. मग नदीकाठच्या मांस-कारखान्यांत राबायला क्रोएशियन आले. कारखान्यांच्या वरच्या टेकडीवर, स्ट्रॉबेरी हिलवर, त्यांनी घरं बांधली. रेल्वेच्या कामाला मेक्सिकन मजूर आले. आज या काउंटीत कोणत्याही एका गटाचं बहुमत नाही, आणि जवळपास एक तृतीयांश लोक हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले, आहेत.

म्हणजे समाज वेगवेगळे झालेत खरे, पण राज्याच्या सीमेवर नव्हे. अशी विभागणी मोजायला लोकसंख्याशास्त्रज्ञ एक निर्देशांक वापरतात. शहराचे छोटे छोटे भाग पाडायचे आणि विचारायचं: प्रत्येक भागात दोन गटांचं प्रमाण सारखं व्हायला एका गटातल्या शेकडा किती लोकांना घर बदलावं लागेल? शून्य आलं तर सगळे मिसळलेले, शंभर आलं तर पूर्ण वेगळे. उपयोगी मोजमाप आहे, पण आंधळं. फाळणीची रेषा कोणत्या रस्त्यावरून जाते, हे त्याला ठाऊक नसतं.

इथे ती जाते ट्रूस्ट अव्हेन्यूवरून, आणि हा रस्ता पूर्णपणे मिसूरीत आहे. पिढ्यान् पिढ्या त्याच्या पूर्वेला मुख्यतः कृष्णवर्णीय, पश्चिमेला मुख्यतः गोरे. ही रेषा आपसूक उमटलेली नाही. जे. सी. निकल्स या विकासकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिमेला देखण्या वसाहती उभारल्या आणि खरेदीखतांतच अट घातली: घर कृष्णवर्णीयांना विकायचं नाही, त्यांनी तिथे राहायचंही नाही. मुदत संपण्याआधी बहुसंख्य मालकांनी हरकत घेतली नाही, तर अट आपोआप पुढे चालू! कुणी काहीच न करणं म्हणजे भेदभावाला होकार, अशी ती चलाख रचना. या अटींना राज्याची सीमाही आडवी आली नाही. मिशन हिल्ससारख्या निकल्सच्या वसाहती जॉन्सन काउंटीतच आहेत. नंतर शाळांच्या हद्दी आखतानाही ट्रूस्टच पुढे आला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ठरवलं, की कोर्टांनी अशा अटींची अंमलबजावणी करायची नाही. घरविक्रीतला भेदभाव बेकायदा व्हायला १९६८ उजाडलं. निकल्सच्या नावाचं मोठं कारंजं मात्र शहरात उभंच होतं. त्याच्यावरून आणि शेजारच्या रस्त्यावरून ते नाव २०२० च्या जून महिन्यात काढलं.