उदोन, घरगुती

गव्हाच्या पिठाच्या जाड, पांढऱ्या नूडल्स गरम सारात वाढण्याचा हा जपानी प्रकार आहे. त्याच्या सर्वांत साध्या रूपाला काके-उदोन म्हणतात. जपानी नूडल्स म्हटल्यावर आज जगभर रामेनचे नाव आधी निघते. पण रामेनच्या पिठाला कान्सुई हे अल्कधर्मी पाणी लागते आणि तिचा रस्सा बहुधा हाडे तासन्‌तास उकळून करतात. त्यामुळे ती मुख्यतः दुकानात जाऊन खाण्याची गोष्ट राहिली. उदोनला पीठ, मीठ आणि पाणी एवढेच पुरते आणि सार तासाभरात उतरते.

या साराचा पाया म्हणजे दाशी. एक लिटर गार पाण्यात कोम्बू या वाळवलेल्या समुद्रशैवालाचा सुमारे १० ग्रॅमचा तुकडा अर्धा तास भिजत ठेवतात आणि मग पाणी मंद आचेवर तापवतात. उकळी फुटण्याआधीच तो बाहेर काढावा लागतो, नाहीतर सार बुळबुळीत व उग्र होते. त्यानंतर कात्सुओबुशीचे, म्हणजे उकडून, धुरावून, कडकडीत वाळवलेल्या कात्सुओ माशाचे कागदासारखे पातळ काप २० ते ३० ग्रॅम घालतात आणि एक-दोन मिनिटांत फडक्यातून गाळतात. फडके पिळायचे नसते. टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बूतून ग्लुटामिक आम्ल वेगळे करून त्याच्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. माशातील इनोसिनेटची जोड मिळाली की ही चव कित्येक पटींनी वाढते, म्हणूनच दोन्ही जिन्नस एकत्र वापरतात.

साधारण पंधरा भाग दाशीला शोयू (सोया सॉस) आणि मिरिन (स्वयंपाकात वापरायचे तांदळाचे गोडसर मद्य) प्रत्येकी एक भाग घातले की सार तयार होते. टोकियोकडे ते गडद असते, तर ओसाका-क्योतोकडे फिक्या रंगाचा शोयू वापरत असल्याने जवळजवळ पारदर्शक. रंगावरून मात्र फसू नये, कारण हा फिका शोयू गडदपेक्षा अधिक खारट असतो.

खरी मेहनत पिठात आहे. शिकोकू बेटावरील कागावा प्रांत, म्हणजे पूर्वीचे सानुकी, उदोनसाठी इतका प्रसिद्ध आहे की २०११ पासून तो स्वतःची जाहिरात ‘उदोन प्रांत’ अशीच करतो. तेथे पाऊस कमी, म्हणून गहू पिकला; मीठ आणि सारासाठीचे सुके इरिको मासे जवळच्या सेतो समुद्रातून मिळाले. मिठाच्या पाण्याचे तेथील जुने माप ‘दोसान कानरोकू’ या नावाने ओळखले जाते : एक वाटी मिठाला भर उन्हाळ्यात तीन, कडाक्याच्या थंडीत सहा आणि एरवी पाच वाट्या पाणी. उन्हाळ्यात पीठ लवकर सैल पडते आणि मीठ त्याला आवळून धरते, हे त्यामागचे कारण. घरी ४०० ग्रॅम पिठाला सुमारे २० ग्रॅम मीठ व १८० ते १९० मिलिलिटर पाणी घेतात. मध्यम चिकटपणाचे पीठ उत्तम, पण मैद्यावरही काम भागते.

हा गोळा पुरणपोळीच्या कणकेच्या अगदी उलट, भुसभुशीत आणि घट्ट असतो, हातांना दाद देत नाही. म्हणून तो जाड पिशवीत घालून टाचांनी तुडवतात, पसरला की घडी घालून पुन्हा तुडवतात आणि मग दोनेक तास झाकून ठेवतात. नूडलला दाताखाली जो लवचीक विरोध हवा, त्याला ‘कोशी’ (शब्दशः कंबर) म्हणतात आणि तो या तुडवण्या-मुरवण्यातून येतो. पुढे तीन मिलिमीटर जाडीची पोळी लाटून, पीठ भुरभुरवून, घड्या घालून तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्या कापतात. भरपूर बिनमिठाच्या पाण्यात त्या दहा-बारा मिनिटे उकळतात. पिठातले बरेचसे मीठ या पाण्यात उतरते, म्हणून ते फेकून देतात. लगेच गार पाण्याखाली चोळून धुतल्या की वरचा चिकट स्टार्च जातो. ही पायरी गाळली तर सार गढूळ होते. वाढताना नूडल्स क्षणभर गरम पाण्यात बुडवून वाडग्यात घेतात व वर कांद्याची पात, गोडसर शिजवलेले तळलेले तोफू किंवा कच्चे अंडे घालतात. जपानी घरांतही रोज कोणी पीठ तुडवत बसत नाही. गोठवलेले उदोन सर्रास वापरतात आणि त्यांची कोशी चांगली टिकते. दाशीच्या तयार भुकटीबद्दल तितके चांगले बोलता येणार नाही.

शाकाहारी घरांत कात्सुओबुशीऐवजी वाळलेले शिताके अळिंब रात्रभर भिजवतात. बौद्ध मठांतील स्वयंपाकात हीच दाशी चालते. वापरलेला कोम्बूही वाया जात नाही : त्याच्या बारीक पट्ट्या शोयू व साखरेत आटवून भाताबरोबर तोंडीलावणे करतात.