हाऊ मोबाईल कोना शे?

गेल्या दिवाळीत भाचा अमळनेरला घरी आला, तो बंद पडल्यासारखा एक फोन घेऊन. औषध कंपनीत दोन वर्षं एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा औषध प्रतिनिधी, होता, धुळे-शिरपूर-शहादा हा त्याचा पट्टा. नोकरी सोडताना कंपनीने फोन त्यालाच दिला आणि किंमत शेवटच्या हिशेबातून कापून घेतली. घरी येऊन त्याने फॉरमॅट मारला. फोन सुरू झाला आणि पाटी आली, की हा फोन तुमच्या संस्थेचा आहे. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा तीच पाटी. शेजारी वाती वळत बसलेल्या आजीने विचारलं, "मंग हाऊ मोबाईल कोना शे रे भाऊ?" अहिराणीतला हा प्रश्न, म्हणजे मग हा मोबाईल कोणाचा आहे?

आजीच्या प्रश्नाचं उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत अनेकदा बदललं आहे.

सुरुवातीला उत्तर सरळ होतं: फोन कंपनीचा. १९९९ मध्ये कॅनडाच्या रिसर्च इन मोशन कंपनीने ब्लॅकबेरी आणला आणि सोबत कंपन्यांसाठी वेगळा सर्व्हरही दिला. पुढे पुढे पासवर्ड किती अक्षरी असावा, कॅमेरा चालावा का, बाहेरचं ॲप टाकता यावं का, असे शेकडो नियम मुख्यालयात बसून लावता येत. फोन हरवला तर तिथूनच पुसता येई. जळगावात असा फोन आला तो काही वर्षांनी, आणि तोही फार तर एखाद्या मोठ्या साहेबाच्या कमरेला दिसायचा. त्यात त्याचं खासगी असं फारसं काही नसे, त्यामुळे कोणाची तक्रारही नव्हती.

गुंता झाला तो माणसं स्वतःचा फोन कामाला वापरू लागली तेव्हा. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑफिसचा मेल सांभाळणाऱ्या आपल्या एक्स्चेंज सर्व्हरमध्ये फोन दुरून पुसण्याची सोय दिली. २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये त्यावर ऑफिसचा मेल सुरू झाला. फोन स्वतःच्या पैशाने घेतलेला, पण ऑफिसचा मेल जोडला की पुसण्याचं बटण ऑफिसच्या हाती. आणि ते बटण दाबलं की मेलबरोबर मुलांचे फोटो, गावाकडचे नंबर, सगळंच जाई. फक्त ऑफिसचं तेवढं पुसावं, अशी सोय तेव्हा नव्हती. या सगळ्या कहाणीतली सर्वांत अन्यायाची वर्षं मला हीच वाटतात. मेल जोडताना समोर आलेल्या पाटीवर 'ठीक आहे' दाबलं, यालाच संमती धरलं गेलं.

२०१० मध्ये दोन्हीकडे एकदम हालचाल झाली. ॲपलने आयओएस ४ मध्ये, तर गूगलने अँड्रॉइड २.२ मध्ये फोनवर दुरून नियम लावण्याची अधिकृत वाट दिली. याच कामाला पुढे मोबाईल डिव्हाइस मॅनेजमेंट, म्हणजे आयटीवाल्यांच्या तोंडचं एमडीएम, हे नाव रुळलं. अँड्रॉइडवरची ती पहिली पद्धत कच्ची होती. ॲपला 'डिव्हाइस ॲडमिन' केलं की ते सहज काढता येत नसे. हीच युक्ती व्हायरस बनवणाऱ्यांनीही उचलली. शेवटी गूगलने २०१७ मध्ये ही पद्धत बंद करण्याचं जाहीर केलं आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून तिचे मुख्य अधिकार काढून घेतले.

त्याआधीच, २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये, खरा बदल झाला होता. एकाच घरात भिंत घालून दोन बिऱ्हाडं करावीत तशी फोनची वाटणी झाली. एका बाजूला आपला फोन, दुसऱ्या बाजूला वर्क प्रोफाइल. तिथल्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह असतं. फोन तुमचा असेल तर कंपनीला तुमच्या बाजूचे फोटो, मेसेज दिसत नाहीत आणि पुसायचं झालं तर तिच्या बाजूचंच पुसता येतं. तुम्हालाही सेटिंगमध्ये जाऊन ते प्रोफाइल काढून टाकता येतं. आयफोनवर काढण्याचं हे काम सेटिंगमधल्या 'व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट'मधून होतं. आपल्याकडे ही भिंत फार कमी जणांना माहीत आहे. एमआर, गटकर्जाची वसुली करणारी मुलं, ठिबकच्या कंपन्यांचे शेतावर फिरणारे प्रतिनिधी, सगळे एकाच फोनवर सगळं चालवतात आणि ऑफिस आपलं व्हॉट्सॲप वाचतं का, या धास्तीत राहतात.

फोन कंपनीने विकत घेतलेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे कुलूप आणखी खोल गेलं. २०१३ मध्ये सॅमसंगने नॉक्स ही सुरक्षा व्यवस्था आणली. त्यात एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. फोन रूट करायला, म्हणजे बंधनं तोडून त्याचा पूर्ण ताबा घ्यायला, गेलं की तो उडतो, आणि मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी जोडला जात नाही. २०१४ मध्ये ॲपलने आणि २०१७ मध्ये गूगलने अशी सोय केली, की विक्रीच्या वेळीच फोनचा ओळख क्रमांक (सिमचा नंबर नव्हे) कंपनीच्या नावावर नोंदवायचा. मग फोन सुरू होताच आधी सर्व्हरला विचारतो, मी कोणाचा? म्हणून फॉरमॅटने काही होत नाही. नोंद फोनमध्ये नसतेच. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा आणखी कुठे असा सेकंडहँड फोन स्वस्तात मिळाला, तर पैसे देण्याआधी तो समोर रीसेट करून, इंटरनेट जोडून बघा.

आपल्या भागात हा प्रश्न खासगी नोकरीपुरता नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. दोन जीबी रॅमचे ते फोन पोषण ट्रॅकर या माहिती भरायच्या सरकारी ॲपच्या ओझ्याने अडकत, दुरुस्तीचा भुर्दंड बाईंवर. सरकारी फोन चालेना, तेव्हा माहिती भरायला स्वतःचा किंवा घरच्यांचा फोन वापरावा लागे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे कुपोषणाची प्रत्येक नोंद मोलाची, तिथे हे फार लागतं. खासगी फोनवर सरकारी काम चढलं, पण मधली भिंत कोणी घालून दिली नाही.

कायद्याचं म्हणाल तर कुलूप तोडणं हा खेळ नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना यंत्रणेत शिरणं किंवा तिची नासधूस करणं चूक आहे. ते अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या बाजूला, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मालकाला नोकरीच्या कारणासाठी नोकराची माहिती वेगळ्या संमतीशिवाय वापरायची मुभा ठेवली आहे. माझ्या मते ही मुभा फार सैल आहे. खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं आहे.

भाच्याला दोघा-तिघांनी 'पाचशेत अनलॉक करून देतो' असं सांगितलं होतं. मी त्याला ते करू दिलं नाही. किंमत कापल्याची पावती जोडून त्याने कंपनीला मेल केला आणि फोन आपल्या नोंदीतून काढा, असं मागितलं. आठवडाभर उत्तर नाही. मग त्याच्या जुन्या मॅनेजरने पुण्याच्या आयटीवाल्यांना फोन लावला, तेव्हा कुठे क्रमांक यादीतून निघाला. त्या रात्री शेवटचा फॉरमॅट मारला. पाटी आली नाही. त्याने स्वतःचं गूगल खातं टाकलं आणि पहिला फोटो आजीचा काढला.