पादाभ्यंग

पादाभ्यंग : तळपायांना तूप किंवा तेल लावून हाताने अथवा काशाच्या वाटीने केलेले मर्दन. आयुर्वेदातल्या दिनचर्येचा हा भाग. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, ५व्या अध्यायात, याने पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा आणि बधिरपणा जातो, दृष्टी निवळते व वात शमतो असे म्हटले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोजच्या अभ्यंगाच्या गुणांत चांगली झोप धरली आणि डोके, कान व पाय यांना तो विशेष करावा असे सांगितले. वाटी या दोन्ही ठिकाणी नाही. ती घरोघरच्या रिवाजातली.

इंदूरच्या मराठी घरांत ही वाटी उन्हाळ्यात हमखास बाहेर निघते. दिवसा पारा चाळिशीपार, तळपायांची आग, आणि डोळ्याला डोळा नाही. मालव्याची, म्हणजे इंदूरच्या भोवतालच्या प्रदेशाची, रात्र थंड म्हणून नावाजलेली. पण सिमेंटची गच्ची तापलेली असली की ती थंडाई खोलीत यायला मध्यरात्र उलटते.

वाटी बर्तन बाजारात वजनावर मिळते. कासे म्हणजे सुमारे ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील. टिचकी मारली की नाद लांबवर टिकायला हवा; पितळेची वाटी पिवळीधमक दिसते आणि नाद लवकर मरतो. बूड गोलसर, कड बोथट, मुठीत मावेल एवढी घ्यावी. कासे ठिसूळ असते, फरशीवर पडले तर तडकते. तडकलेली वाटी पायाला लावू नये.

जेवणानंतर दीड-दोन तासांनी, झोपण्याच्या जरा आधी बसावे. पाय कोमट पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करावेत. दोन्ही पायांना मिळून चहाचा एक चमचा गाईचे तूप पुरते. उन्हाळ्यात तूप किंवा खोबरेल, थंडीत कोमट तिळाचे तेल. आधी हाताने घोट्यापासून बोटांपर्यंत तूप जिरवावे, मग वाटीच्या बुडाने टाचेवर गोल, तळव्याच्या खोलगट भागात लांब आणि चवड्यावर पुन्हा गोल फिरवावे. वेग संथ, दाब टाचेवर जास्त, खोलगट भागात कमी. एका पायाला ८ ते १० मिनिटे. दुसऱ्या कुणी केले तर उत्तम. स्वतः वाकून केल्यास कंबर आखडते आणि निम्मा आराम तिथेच संपतो.

बिघडते ते बहुधा तुपाच्या मापात. जास्त झाले की वाटी नुसती घसरते. कमी पडले की कातडी ओढली जाऊन चुरचुरते. शेवटी बेसन चोळून किंवा ओल्या गरम फडक्याने पाय पुसावेत. तुपकट पायांनी न्हाणीघरात जाणारे घसरतात, म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हीच खरी जोखीम.

घासता घासता तळवा काळा पडतो. ‘अंगातली उष्णता निघाली’ असे सर्रास म्हणतात. तो रंग उष्णतेचा नव्हे : स्निग्धांश, घाम आणि घर्षण यांनी धातूचे बारीक कण सुटतात, त्यांचा. सुती फडक्यावर तूप टाकून वाटी घासली तरी डाग पडतो. त्यामुळे काळेपणा येईपर्यंत घासत राहण्यात अर्थ नाही, उलट कातडी सोलवटते.

अजीर्ण, कफाचा विकार आणि नुकतेच पंचकर्म झालेल्यांना वाग्भटाने अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. तापात, जखम, चिखल्या किंवा पायाला एका बाजूने अचानक सूज असताना करू नये. शिरेत गुठळी असल्यास चोळणे धोक्याचे. मधुमेहाने तळवे बधिर झालेल्यांना तेलाची ऊब कळत नाही, म्हणून दुसऱ्याने मनगटावर तेल टेकवून पाहावे.

अजीर्णाचा नियम इंदुरात सर्वांत जास्त मोडतो. दागिन्यांची दुकाने मिटली की सराफ्यात खाण्याचे ठेले लागतात, आणि तिथून मध्यरात्री भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद) नि रबडी खाऊन घरी आलेला माणूस वाटी मागतो. त्या रात्री वाटी बाजूला ठेवावी, शतपावली घालावी. एरवी रोज ठरल्या वेळी केले तर आठवडा-दोन आठवड्यांत झोप लवकर लागू लागल्याचे बरेच जण सांगतात. यात तुपाइतकाच वाटा फोन बाजूला ठेवून वीस मिनिटे शांत बसण्याचा असावा. घोरताना श्वास अडकत असेल किंवा निद्रानाश तीन महिन्यांवर गेला असेल, तर पादाभ्यंगावर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे.