प्रेशर गेज वाचायचा तो पाणी वाहत असताना

पंपरूममध्ये आग विझवण्याच्या पाइपांवरच्या गेजचा काटा सात बारवर (बार हे दाबाचं एकक) दिसला की सोसायटीची कमिटी निर्धास्त होते. हा गैरसमज धोक्याचा आहे. त्या वेळी पाणी थांबलेलं असतं आणि जॉकी पंपाने, म्हणजे दाब टिकवणाऱ्या छोट्या पंपाने, बंद पाइपात दाब धरून ठेवलेला असतो, इतकंच. पाणी वाहत नाही तोवर घर्षण नाही, आणि घर्षण नाही तोवर पाइप बारीक आहे की आतून गंजलाय, याचा काट्याला पत्ता लागत नाही.

वाहताना दाब किती खर्च होतो हे काढायला अग्निशमनात हेझन-विल्यम्स सूत्र वापरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं हे सूत्र दोन अमेरिकी अभियंत्यांचं आहे:

दर मीटरला घट (बार) = ६,०५,००० × प्रवाह^१.८५ ÷ (सी^१.८५ × व्यास^४.८७)

प्रवाह लिटर प्रतिमिनिटात, व्यास मिलिमीटरमध्ये आणि तोही आतला. 'सी' म्हणजे पाइपाचा गुळगुळीतपणा. कायम पाण्याने भरलेल्या काळ्या लोखंडी पाइपाला तो १२० धरतात.

या सूत्रातली खरी मेख ४.८७ या घातात आहे. व्यास निम्मा केला की तेवढंच पाणी चौपट वेगाने जातं. घट वेगाच्या १.८५ व्या घाताने वाढते, म्हणजे इथेच १३ पट झाली. शिवाय बारीक पाइपात प्रत्येक लिटर पाण्याला जास्त भिंत घासते, त्याचे आणखी सव्वादोन पट. गुणाकार २९ पट! आता २२८० लिटर प्रतिमिनिटाचा प्रवाह घ्या. १५० मिमीच्या पाइपात (आतला व्यास १५५ मिमी) १०० मीटरला ०.३ बार जातो, १०० च्या पाइपात (आतून १०५ मिमी) २ बार. साइटवर दीडशेचा माल नव्हता म्हणून शंभरचा टाकला, तर पाच मजले चढवण्याइतका दाब वाटेतच संपला. 'मग मोठा पंप बसवा' हा विक्रेत्यांचा आवडता सल्ला. त्याच पाइपातून दुप्पट पाणी काढायचं तर घर्षणाला ३.६ पट दाब मोजावा लागतो, हे ते सांगत नाहीत.

पाइपाची लांबी मोजून भागत नाही. १०० मिमीचा एक एल्बो ३ मीटर सरळ पाइपाइतका दाब खातो, पाणी वळवणारा टी ६ मीटर आणि झडपेचा एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) जवळपास ७ मीटर.

आग लागल्यावर छतातून पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरचं गणित सर्वांत लांबच्या टोकाकडून पंपाकडे करतात. के-फॅक्टर (कोणत्या दाबाला स्प्रिंकलर किती पाणी सोडतो ते सांगणारा आकडा) ८० असेल तर प्रवाह = ८० × √दाब. शेवटच्या स्प्रिंकलरला ६० लिटर हवेत, तर तिथे ०.५६ बार लागतो. त्याच्यामागे २५ मिमीचा ३ मीटर पाइप ०.०५ बार खातो, म्हणून दुसऱ्यापाशी ०.६१ बार असतो आणि तो ६० नव्हे, ६२.७ लिटर सोडतो. पुढच्या ३ मीटरमधून आता १२२.७ लिटर जातात. घट एकदम ०.१९ बार. तिसरा ७२ लिटर फेकतो. म्हणून '६० गुणिले स्प्रिंकलरची संख्या' करून पंप निवडला की तो हमखास कमी पडतो.

पाइप गंजला आणि 'सी' १२० वरून १०० वर आला, तर घट ४० टक्क्यांनी वाढते. गंजाच्या गाठींनी आतला व्यास कमी झाला, तर त्याचा फटका वेगळा.

दसऱ्याला पंपाला हार जरूर घाला, पण त्याने पाइपातला गंज निघत नाही. त्याच दिवशी गच्चीवरच्या हायड्रंटला (आग विझवण्याच्या पाण्याच्या तोटीला) होज आणि गेज लावलेलं नोझल जोडा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि पाणी वाहत असताना काटा वाचून वहीत लिहा. तोच पंप, तेच नोझल असूनही आकडा गेल्या वर्षीपेक्षा खाली आला असेल, तर आधी वाटेतले सगळे बटरफ्लाय व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत का ते बघा. मग पंपाच्या सक्शनची जाळी, आणि शेवटी एखादा तुकडा खोलून पाइप आतून.